तांब्याचा काठ

माझ्याकडे एकाच तांब्याची दोन चित्रे आहेत. पहिले २०१४ च्या सप्टेंबरमधले, दुसरे २०१८ च्या जानेवारीतले. तांब्या पितळेचा, आमच्या सांगलीच्या घरातला. अमेरिकेला निघताना आईने तो साडीच्या घडीत गुंडाळून माझ्या सामानात घातला होता. दोन्ही चित्रे कोळशाने काढलेली आहेत आणि कागदही एकाच मापाचा, १८ इंच बाय २४ इंच. पाहणाऱ्याला पहिल्या चित्रातला तांब्या अधिक देखणा वाटेल. त्याच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत, शाळेत शिकवले होते त्याच जागी पोटावर चकाकीचा पांढरा ठिपका आहे, आणि खालची सावली पट्टीने आखल्यासारखी नीट आहे. ते चित्र चुकलेले आहे हे मला त्याच दिवशी सांगितले गेले. ते पटायला एक सत्र लागले, आणि तसे का काढले गेले हे उमजायला त्याहून बराच जास्त काळ गेला. त्या मधल्या चार वर्षांबद्दल, म्हणजे विद्यापीठात जाण्यापूर्वी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी स्टुडिओ आर्ट शिकले त्या काळाबद्दल, मला लिहायचे आहे.

महाराष्ट्रात शाळेत गेलेल्यांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट म्हणजे काय हे सांगायला नको. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. परीक्षेच्या दिवशी बोर्ड, पाण्याचा डबा आणि रंगपेटी घेऊन निघालेली मुले. मला दोन्ही परीक्षांत ए श्रेणी मिळाली होती. आमचे चित्रकलेचे सर मनापासून शिकवत आणि माझा हात वळला तो त्यांच्यामुळेच, हे मी आजही कृतज्ञतेने सांगते. मात्र तयारी करता करता आम्ही वस्तू पाठ करत गेलो. तांब्या, बादली, फुलदाणी, वांगे, केळ्यांचा घड, सगळे काही पाढ्यांसारखे तोंडपाठ होते. परीक्षेत वस्तू समोर मांडलेली असे, पण हात काढत असे ती पाठ केलेलीच.

बारावीनंतर मी कला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसले. यादी लागली, तीत माझे नाव नव्हते. सतराव्या वर्षी अशा यादीचा अर्थ एकच लागतो, की आपल्यात ते नाही. मी कॉमर्सला गेले, वडिलांच्या आजारपणात बी.कॉम.चे दुसरे वर्ष अर्धवट सुटले, मग लग्न झाले, पुण्यात संसार थाटला, मुलगी झाली, आणि रंगपेटी माळ्यावर गेली.

२०१२ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सॅन होजेजवळ राहायला आलो. माझा व्हिसा अवलंबिताचा होता. त्यावर नोकरी करता येत नव्हती, शिकता मात्र येत होते. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य झाल्याचे कागदपत्रांनी दाखवता आले की स्थानिक रहिवाशाची फी लागते, असे मला शेजारच्या बाईंकडून कळले. ती फी होती एका युनिटला, म्हणजे वर्गाचे वजन मोजायच्या एककाला, ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटांचा ड्रॉइंगचा वर्ग १३८ डॉलरला. ऑनलाइन अर्ज भरून झाल्यावर मी प्रवेश परीक्षा कधी असते हे विचारायला कॉलेजच्या खिडकीपाशी गेले. आतल्या बाईंना माझा प्रश्नच समजेना. कसली परीक्षा, असे त्यांनी दोनदा विचारले. चित्रे दाखवायला कधी आणू, असे मी विचारले, तर त्या म्हणाल्या की चित्रे तू इथे शिकल्यावर काढशील. हे वाक्य त्यांनी कामाच्या घाईत, सहज उच्चारले होते. मी मात्र गाडीत येऊन बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिले.

त्या खिडकीतल्या उत्तरामागे एक जुना निर्णय आहे, हे मला नंतर समजले. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. शाळा संपवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने घ्यावेत, वरचे एकतृतीयांश स्टेट युनिव्हर्सिटीने घ्यावेत, आणि शिकवण्याचा ज्याला लाभ होऊ शकेल अशा कोणालाही कम्युनिटी कॉलेजांनी घ्यावे, अशी वाटणी त्यात ठरली. १९८४ पर्यंत राज्यातल्या रहिवाशांना या कॉलेजांत फीच नव्हती. आज राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत. पदवीची पहिली दोन वर्षे तिथे करायची आणि मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचे, याला सगळे नुसते ट्रान्सफर म्हणतात. वर्गात कोणाशी ओळख झाली की नावानंतरचा प्रश्न असे, कुठे ट्रान्सफर होणार?

ड्रॉइंगचा वर्ग आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी तीन तास असे. बसायला लाकडी बाक होते. घोड्यावर बसावे तसे दोन्हीकडे पाय टाकून बसायचे आणि पुढच्या उभ्या फळीला बोर्ड टेकवायचा. त्यांना तिथे हॉर्सच म्हणतात. आमच्या शिक्षिकेला सगळी मुले पहिल्या नावाने हाक मारत. मला ते शेवटपर्यंत जमले नाही. तोंडाने मी नाव टाळत असे आणि मनात त्यांना बाई म्हणत असे, तशीच इथेही म्हणते.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी घरून एखादी वस्तू आणायला सांगितली आणि मी तांब्या नेला. तो एका उंच स्टुलावर ठेवून मी दीड तासात चित्र पुरे केले. शेजारच्या मुलाने वा म्हटले. बाई आल्या, माझ्या मागे वाकून माझ्याच डोळ्यांच्या उंचीवरून पाहू लागल्या आणि त्यांनी विचारले, ‘‘तुझे डोळे कुठे आहेत? काठाच्या वर, की काठाच्या बरोबरीने?’’ मी म्हटले, जवळजवळ बरोबरीने. ‘‘मग तुला तांब्याचे तोंड आतपर्यंत दिसते कसे?’’

प्रश्न इतका साधा होता की मला उत्तर सुचेना. त्यांनी केसांच्या अंबाड्यात खोचलेली स्वेटर विणायची सुई काढून माझ्या हातात दिली. हात सरळ ताठ धरायचा, कोपर वाकू द्यायचे नाही, एक डोळा मिटायचा, सुईचे टोक वस्तूच्या एका कडेला लावायचे आणि दुसऱ्या कडेपाशी अंगठा सरकवून माप धरायचे. मी काठाची रुंदी मोजली, मग सुई उभी करून त्याच्या लंबगोलाची उंची मोजली. माझ्या कागदावर ती उंची रुंदीच्या जवळजवळ निम्मी होती. सुईवर ती दहाव्या हिश्शाएवढीही भरेना. आणि तांब्याचे बूड मी एका सरळ रेषेत संपवले होते, कारण तांब्या जमिनीवर सपाट बसतो हे मला ठाऊक होते. प्रत्यक्षात बूड डोळ्यांच्या रेषेच्या बरेच खाली असल्याने त्याची कड चांगली वळलेली दिसत होती. जे माझ्या डोळ्यांसमोर मिटत होते ते मी उघडले होते, आणि जे उघडत होते ते मिटवले होते. वस्तू डोळ्यांच्या पातळीपासून जितकी खाली जाईल तितके तिचे वर्तुळ अधिक उघडते, हा नियम मला सांगता आला असता, भूमितीच्या पेपरात मी तो बहुधा लिहिलाही असता. माझ्या तांब्यात तो नव्हता.

मी ते चित्र खोडून दुरुस्त करू लागले तेव्हा बाईंनी मला थांबवले. ‘‘हे असेच ठेव. तारीख घाल. नवीन कागद घे.’’

त्या वर्गात आम्ही २४ जण होतो. शाळेतून थेट आलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुले निम्मी असतील. बाकीच्यांत सैन्यातून परतलेला एक तरुण होता, रात्रपाळी करून सकाळी थेट वर्गात येणारी एक परिचारिका होती, सुतारकाम करणारे साठीचे एक गृहस्थ होते, व्हिएतनामी मायलेकी होत्या. सुताराचे मोजमाप पहिल्या दिवसापासून अचूक होते आणि रेघ मात्र भेदरलेली. माझी रेघ धिटाईची होती आणि मोजमाप खोटे. आम्ही दोघे शेजारी बसू लागलो आणि त्याचा दोघांनाही फायदा झाला. एकाच यादीतून निवडलेल्या, एका वयाच्या, एकाच तयारीच्या मुलांच्या वर्गात मला हे मिळाले नसते, असे माझे ठाम मत आहे.

दर तीन आठवड्यांनी क्रिटिक असे. सगळ्यांची चित्रे भिंतीवर टाचण्यांनी लावायची, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहायचे, आणि ज्याच्या चित्राची पाळी असेल त्याने गप्प राहायचे. बाकीच्यांनी चित्रात काय दिसते ते सांगायचे. चांगले आणि वाईट हे शब्द पहिले सत्रभर वापरायचे नाहीत. मला हे फार जड गेले. आपल्याकडे चित्राखाली गुण किंवा शेरा मिळतो, आणि घरी आलेले पाहुणे छान म्हणून पुढच्या विषयाकडे वळतात. इथे परिचारिका माझ्या चित्रासमोर उभी राहून म्हणाली, की नजर आधी डाव्या कोपऱ्यातल्या काळ्या डागाकडे जाते आणि तिथेच अडकते, भांड्यापर्यंत पोचतच नाही. ती तक्रार करत नव्हती, रुग्णाची नोंद सांगावी तसे जे होते ते सांगत होती. मी घरी जाऊन पाहिले, तर माझीही नजर तिथेच अडकत होती.

दुसऱ्या सत्रात द्विमितीय रचनेचा वर्ग होता, आणि त्यातले पहिले काम होते काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या नऊ पायऱ्या मिसळण्याचे. गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, वापरून नऊ चौकोन रंगवायचे, धारदार सुरीने कापायचे आणि शेजारी शेजारी असे चिकटवायचे की प्रत्येक दोन पायऱ्यांमधले अंतर डोळ्यांना सारखे वाटले पाहिजे. मला वाटले होते एका संध्याकाळचे काम आहे. दोन आठवडे लागले. गुआश ओला असताना एक दिसतो आणि वाळल्यावर दुसराच. गडद छटा वाळल्यावर उजळतात, फिकट छटा किंचित काळवंडतात, त्यामुळे प्रत्येक मिश्रणाचा ठिपका कागदावर वाळू देऊन मगच निर्णय करावा लागतो. शिवाय पांढऱ्यात काळ्याचा नुसता कण पडला तरी मोठी उडी पडते, आणि काळ्यात मात्र चमचाभर पांढरा घातला तरी फारसा फरक दिसत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठिपक्यांच्या रांगा वाळत पडलेल्या असत. माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, शाळेतून आली की डोळे बारीक करून त्या रांगा पाही आणि सांगे, ‘‘आई, चौथा आणि पाचवा एकच आहेत.’’ ती बहुतेक वेळा बरोबर असे.

२०१६ मध्ये कलेच्या इतिहासाच्या वर्गाबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला जाणे झाले. तिथल्या सिटी कॉलेजात, तेही कम्युनिटी कॉलेजच, नाट्यगृहाच्या प्रवेशदालनात मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराचे एक प्रचंड भित्तिचित्र आम्ही पाहिले, २२ फूट उंच आणि ७४ फूट लांब. १९४० साली ट्रेझर आयलंडवरच्या जागतिक प्रदर्शनात रिवेराने ते लोकांच्या डोळ्यांसमोर रंगवले होते. लोक येऊन, उभे राहून, चित्रकार काम करताना पाहत असत. पुढे वीस वर्षे ते पेट्यांमध्ये बंद होते आणि १९६१ मध्ये या दालनात बसवले गेले. दालन अरुंद होते. संपूर्ण चित्र एका नजरेत येईल इतके मागे सरकायला जागाच नव्हती, त्यामुळे ते तुकड्यातुकड्यांनी, मान उंच करून चालत चालत पाहावे लागे. आमच्याभोवती त्या कॉलेजची मुले पाठीवर पिशव्या घेऊन तासाला निघाली होती. एवढ्या मोठ्या चित्रकाराची भिंत कोणालाही प्रवेश देणाऱ्या कॉलेजात आहे, आणि तिच्या शेजारून रोज वर्गाला जाता येते, याचा मला त्या दिवशी झालेला आनंद अजून ताजा आहे. नंतर २०२१ मध्ये ते चित्र सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात पाहुणे म्हणून गेले, पण मला ते त्या दालनातच आठवते.

ट्रान्सफरचा कागदी भाग थोडक्यात सांगते, कारण तो कोरडा असला तरी टाळता येत नाही. साठ सत्र-युनिटे पुरी करावी लागतात. त्यांत इंग्रजी लेखन, संख्याशास्त्र, भाषण, विज्ञान हे सगळे येते; कलेचे विद्यार्थी म्हणून त्यातून सूट नाही. २०१० च्या कायद्याने ट्रान्सफरसाठी खास पदविका सुरू झाली. स्टुडिओ आर्टच्या पदविकेत ड्रॉइंग, द्विमितीय आणि त्रिमितीय रचना आणि कलेचा इतिहास हा पाया सगळीकडे समान असतो, आणि ती पुरी केली की स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत कुठे ना कुठे जागा मिळण्याची हमी असते. हव्या त्या ठिकाणी आणि हव्या त्या अभ्यासक्रमात जागा मिळेलच अशी ती हमी नव्हे, बी.एफ.ए.साठी, म्हणजे ललितकलेच्या पदवीसाठी, पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक चित्रांचा संच, वेगळा द्यावा लागतो. कोणता वर्ग कुठे चालतो याची जुळणी वर्गनिहाय ठरलेली असते आणि ती स्वतः तपासावी लागते. मी एका उन्हाळ्यात जलरंगाचा वर्ग मुख्य विषयात धरला जाईल अशा तोंडी भरवशावर घेतला. तो ऐच्छिकात गेला, आणि मला एक सत्र जास्त लागले. त्या वेळी मी फार रडले होते. तेव्हापासून जो विद्यार्थी भेटेल त्याला सांगते, की सल्ला जरूर घ्या, पण तो लिहून घ्या.

त्या वाढीव सत्रातच मी मातकामाचा वर्ग घेतला, आणि तिथे मला एक आजी भेटल्या. जन्मभर शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि चाकावर त्यांचे हात असे चालत, की माती आपणहून वर येते असे वाटे. तो त्यांचा तिथला शेवटचा वर्ग होता. पूर्वी असे वर्ग पुन्हा पुन्हा घेता येत. मंदीत राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाल्यावर नियम बदलले, आणि २०१३ पासून एका प्रकारचे जास्तीत जास्त चार वर्ग घेण्याची मर्यादा आली, म्हणजे ट्रान्सफर होणाऱ्यांना जागा मिळतील. त्यांचे चार पुरे झाले होते. जागा मोजक्या आणि पैसा तोकडा असताना कोणाला तरी थांबवावे लागते, हे मला कळते. त्या नियमाने माझ्यासारखीचा फायदाच झाला असेल. तरीही मला तो नियम चुकीचा वाटतो. वर्गात चाकाशी अडलेले प्रत्येक मूल शिक्षकाची वाट न पाहता त्यांच्याकडे जात असे. त्या कुठे ट्रान्सफर होणार नव्हत्या, म्हणूनच त्यांच्याकडे सगळ्यांसाठी वेळ होता. स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारख्या टणक भांड्यांची, भट्टी सुमारे १३०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि भाजून झाल्यावर ती निवेपर्यंत उघडता येत नाही. सत्र संपल्यावर भट्टी उघडली तेव्हा त्या आपले शेवटचे चार वाडगे न्यायला आल्या. त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कडा झिजलेली आपली लाकडी पट्टी, जिने त्या भांड्याचे पोट आतून गोल करत, माझ्या टेबलावर ठेवली. ती अजून माझ्याकडे आहे.

पुढे मी वाचले, की बेट्टी सार या थोर कलावतीने पॅसाडीना सिटी कॉलेज या कम्युनिटी कॉलेजातून सुरुवात केली होती आणि मग ती यूसीएलएला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या लॉस एंजेलिस शाखेत, गेली. मार्क ब्रॅडफर्ड आईच्या केशकर्तनालयात काम करत असे. तो सँटा मोनिका कॉलेज या कम्युनिटी कॉलेजातून कॅलआर्ट्स या कलासंस्थेत गेला, तेव्हा तिशीत होता. केस कुरळे करताना बटांच्या टोकांना लावायचे पातळ कागद त्याने आपल्या चित्रांत आणले, आणि २०१७ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याने अमेरिकेचे प्रतिनिधित्व केले. अशी नावे मी स्वतःला धीर देण्यासाठी गोळा केली होती हे खरे. पण त्यांच्यापेक्षा मला त्या कॉलेजांतल्या पहिल्या वर्गांचे कुतूहल अधिक वाटते. तिथेही कोणीतरी त्यांच्या मागे वाकून पाहिले असेल.

मला जे सांगायचे आहे ते एवढेच, की निवड शिकण्याच्या आधी करायची असती तर मी पुन्हा नाकारली गेले असते. बत्तिसाव्या वर्षी मी तिथे गेले तेव्हा माझ्याजवळ तेच होते जे सतराव्या वर्षी होते, एक पाठ केलेला तांब्या. प्रवेशासाठी चित्रे मागितली असती तर मी तोच दाखवला असता, आणि परीक्षकांनी मला नाकारले असते तर ते त्यांच्या जागी बरोबरच ठरले असते. कम्युनिटी कॉलेजाने क्रम उलटा केला. आधी चार वर्षे शिकवले, आणि मग मला दुसऱ्यांच्या निवडीसमोर उभे केले. तेव्हा दाखवायला माझ्याजवळ काहीतरी होते.

पोर्टफोलिओसाठी पंधरा चित्रे हवी होती आणि माझी चौदा ठरली होती. जानेवारीत एका रविवारी मी तांब्या पुन्हा खिडकीजवळ मांडला, या वेळी कमरेच्या उंचीवर, म्हणजे काठ मोकळा दिसावा. विणायची सुई आता माझी स्वतःची होती. काठ घेतला आणि तो डावीकडे बसेना. तीनदा मोजला, तीनदा पुसला. प्रत्येक वेळी लंबगोल डाव्या अंगाला आत दबलेला येई. हात वाकतो आहे असे वाटून मी कोपर भिंतीला टेकवून पाहिले. शेवटी उठले आणि काठावरून बोट फिरवले. तिथे एक पोचा होता, अंगठ्याच्या नखाएवढा. तो तांब्या मी बालपणापासून पाहत आले होते, त्यातून पाणी प्याले होते, चार वर्षांपूर्वी तो दीड तास समोर ठेवून काढला होता. मी परत जाऊन बसले आणि पोचा जसा होता तसा काढला. त्यामुळे काठावरचा उजेड तिथे तुटतो आणि आतल्या बाजूला एक छोटी गडद सावली पडते. त्या सावलीला संध्याकाळ लागली.

एप्रिलमध्ये विद्यापीठाचे पत्र आले. त्या रात्री, म्हणजे तिकडच्या सकाळी, मी आईला फोनच्या पडद्यावर पंधराही चित्रे एकेक करून दाखवली. बाकीच्या चित्रांना ती हं, छान, असे म्हणत गेली. तांब्याच्या चित्राशी तिने मला थांबायला सांगितले, चष्मा लावला आणि पडद्याच्या अगदी जवळ आली.

‘‘पोचा काढलास होय गं,’’ ती म्हणाली. ‘‘तू पाचवीत असताना हौदावर तुझ्याच हातून आपटला होता तो.’’

मला ते आठवत नव्हते.